मॉडेल रिटायर झालं, मावशीचं पत्र अडलं

ॲपमध्ये एआय टाकणं आता सेकंड इयरच्या पोरांनाही जमतं. पण ते एआय वर्षभरात बदललं, तर लोकांच्या फोनमध्ये आधीच जाऊन बसलेल्या ॲपचं काय होतं?

"अगं, तुझ्या भावाचं ते ॲप मुकं झालंय बघ. फोटो काढला की इंग्रजीत कायतरी येतं आणि गप बसतं."

सकाळी सव्वासातला मावशीचा फोन. मी बसस्टॉपवर, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. स्वतःच्या मुलाला सोडून तिनं मला का फोन केला, याचं उत्तर सोपं आहे. तो रात्री तीनपर्यंत जागतो आणि सकाळी फोन उचलत नाही, हे तिला पाठ आहे. "इंग्रजीत काय येतंय ते वाच ना," मी म्हटलं. मग तिनं शेजारच्या आठवीतल्या पोराला हाक मारली. त्यानं अक्षर-अक्षर लावत वाचलं, "एरर... फोर झिरो फोर... मॉडेल... नॉट फाउंड."

मी मास कॉमची. ४०४ म्हणजे वेबसाइटचं पान सापडत नाही, एवढंच मला माहीत. पण मॉडेल सापडत नाही म्हणजे काय? ते हरवलं कुठं?

दुपारी मावसभावाला गाठलं. तो पुण्यातच इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी ४०४ म्हटल्याबरोबर त्यानं वडापाव खाली ठेवला. "आईशप्पथ, ते आज होतं?"

'ते' म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला पुढचा दीड महिना लागला. त्यातूनच हा लेख झाला. ॲपचं नाव इथे देत नाही, कारण तो म्हणतो अजून दाखवण्यासारखं नाही. ज्या कंपनीचं मॉडेल होतं तिचंही नाव देत नाही, कारण तिनं आधी कळवलं होतं. चूक आमच्या पोरांची होती.

पत्रिका आणि फळा

आधी ॲपबद्दल. मावशी कराडजवळच्या एका गावात राहते. सातवीपर्यंत शिकलेली आहे, मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. पण बँकेचं, विम्याचं, मोबाइल कंपनीचं पत्र इंग्रजीत येतं आणि ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागतं. तिथून मावसभावाला प्रोजेक्टची कल्पना सुचली. पत्राचा फोटो काढायचा, ॲप साध्या मराठीत मोठ्यानं चार गोष्टी सांगणार: पत्र कुणाचं, काय म्हणतंय, किती पैसे भरायचे आणि शेवटची तारीख कुठली. चौघांच्या टीमनं दोन महिन्यांत ते उभं केलं. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस लावावे लागतात. त्या बारांत मी होते, मावशी होती आणि मावशीच्या बचत गटातल्या पाच जणी होत्या. पुढे ते गावात पसरलं. अडीचेकशे फोन असतील.

एआय असलेलं ॲप म्हटलं की आपल्याला वाटतं, एआय ॲपच्या पोटात बसलेलं आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. ॲपमध्ये असतो कॅमेरा, दोन बटणं आणि एक लांबलचक निरोप. फोटो आणि निरोप इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातात, तिथलं मॉडेल उत्तर तयार करतं, ते फोनवर परत येतं. कंपनीकडे मॉडेल्स बरीच असतात. मोठं, छोटं, महाग, स्वस्त, जुनं, नवं. त्यामुळे निरोपावर मॉडेलचं नाव घालावं लागतं. आमच्या पोरांनी ते नाव कोडमधल्या एका ओळीत, अवतरणचिन्हांत लिहून टाकलं होतं. प्रोग्रामर लोक याला 'हार्डकोड करणं' म्हणतात आणि म्हणताना थोडं नाक मुरडतात. करतात मात्र सगळेच.

हीच ओळ वेबसाइटमध्ये असती तर पाच मिनिटांचं काम होतं. वेबसाइट म्हणजे कॉलेजच्या दारातला फळा. पुसलं, नवं लिहिलं, पुढच्या माणसाला नवंच दिसणार. मोबाइल ॲप म्हणजे लग्नपत्रिका. एकदा छापून घरोघर गेली की कार्यालय बदललं तरी पत्रिकेवर जुनाच पत्ता. नवी पत्रिका छापता येते, पण ती प्रत्येक घरी पोचून जुनीच्या जागी लागली पाहिजे ना!

मावशीचा फोन बघा. ३२ जीबी, त्यात भजनांचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो. 'स्टोरेज फुल'ची सूचना कायमची मुक्कामाला. ॲप्स फक्त वाय-फायवर आपोआप अपडेट व्हावीत असं सेटिंग, आणि घरात वाय-फायच नाही. म्हणजे तिच्या फोनमधली पत्रिका मे महिन्यात छापलेली, ती तशीच.

मोठ्या कंपन्याही नवी आवृत्ती एका दिवसात सगळ्यांकडे पाठवत नाहीत. ॲपलच्या टप्प्याटप्प्याच्या रिलीजमध्ये आपोआप अपडेट सात दिवसांत पसरतं. पहिल्या दिवशी १ टक्का लोकांना, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १००. गुगल प्लेवर टक्केवारी डेव्हलपर स्वतः ठरवू शकतो. गडबड झालीच तर ती थोड्या लोकांपुरती राहावी म्हणून ही पद्धत. शहाणपणाचीच आहे. फक्त मॉडेल सर्व्हरवरून एका तारखेला बंद होतं, तेव्हा ते टक्केवारी वगैरे बघत नाही. सगळ्यांसाठी एकदम.

मॉडेललाही निवृत्तीचं वय

मॉडेल 'सापडत नाही' म्हणजे कंपनीनं ते निवृत्त केलं. हे अपवादानं होत नाही, नियमानं होतं. ओपनएआयनं ६ जुलै २०२३ला जाहीर केलं की 'टेक्स्ट-दाविंची-००३' आणि त्याच्या पिढीतली जुनी मॉडेल्स ४ जानेवारी २०२४ला बंद होतील. सहा महिन्यांची नोटीस. त्याच वर्षी मार्चमध्ये कोड लिहिणाऱ्या 'कोडेक्स' मॉडेलबाबत मात्र जेमतेम तीन दिवसांची नोटीस निघाली होती. त्यावर संशोधन करणाऱ्यांनी गहजब केला, तेव्हा त्यांच्यापुरती ती चालू ठेवली गेली. गुगलचं 'जेमिनी १.५ फ्लॅश ००२' आलं २४ सप्टेंबर २०२४ला आणि गेलं २४ सप्टेंबर २०२५ला. बरोब्बर एक वर्ष.

इंजिनीअरिंग चार वर्षांचं. म्हणजे फर्स्ट इयरला ज्या मॉडेलवर हात बसवला, ते फायनल इयरच्या प्रोजेक्टपर्यंत टिकेल याची खात्री नाही.

कंपन्यांची बाजूही आहे. प्रत्येक मॉडेल चालू ठेवायला महागड्या चिप्स अडकून पडतात. नवं मॉडेल बऱ्याचदा जास्त हुशार आणि कधी स्वस्तही असतं. जुनं मोजक्या लोकांसाठी किती काळ पोसायचं? म्हणून त्या तारखा जाहीर करतात, ई-मेल पाठवतात. आमच्या पोरांनाही ई-मेल आले होते. दोन. ते आले प्रोजेक्टसाठी उघडलेल्या जीमेलवर. तो पासवर्ड चौघांपैकी एकाकडे होता, आणि तो तेव्हा इंटर्नशिपमध्ये गळ्यापर्यंत बुडालेला होता.

मॉडेल बदलल्याचा धक्का साध्या वापरणाऱ्यांनीही खाल्लाय. ऑगस्ट २०२५मध्ये जीपीटी-५ आलं आणि चॅटजीपीटीतून जीपीटी-४ओ एका रात्रीत गायब झालं, ते आठवतंय? जगभरातून लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आणावं लागलं. आमच्या हॉस्टेलवर एक जण दोन दिवस रुसून होती. आपल्याला निदान काय बदललं ते कळलं आणि ओरडायला जागा होती. मावशीला फक्त 'नॉट फाउंड' दिसलं. आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलं ते हेच. इंग्रजी न वाचता येणाऱ्यांसाठी बनवलेलं ॲप, आणि ते बिघडल्याची सूचना इंग्रजीत!

नाव बदललं आणि तारीख गिळली

त्या संध्याकाळी मावसभावानं काय केलं, तर कोडमधलं जुनं नाव खोडून त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचं नाव टाकलं. विजेच्या बिलाचा फोटो काढून बघितला. चाललं. ॲप पुन्हा स्टोअरवर चढवलं. मावशीला व्हिडिओ कॉलवर भजनांचे सहा व्हिडिओ डिलीट करायला लावून अपडेट करून दिलं. ॲप पुन्हा बोलायला लागलं. सगळे खूश. मी तर तेव्हा हा लेख इथेच संपवणार होते.

दिवाळीला तो घरी गेला. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात सोनेतारण कर्जाचं एक पत्र ठेवलेलं. मावशीच्या पाटल्या त्याच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी गहाण आहेत, हे त्याला माहीत होतं. पण हे पत्र आलंय, हे तिनं सांगितलं नव्हतं. "वाचलं की मी, ॲपवर," ती म्हणाली. "कर्जाबद्दल हाय, व्याज एवढं-एवढं हाय म्हणाला तो. कधी भरायचं ते काय बोलला न्हाई. म्हटलं, मग घाई नसंल."

पत्रात तारीख होती. ठळक अक्षरांत. त्या तारखेपर्यंत व्याज भरलं नाही तर दागिन्यांच्या लिलावाची प्रक्रिया सुरू होईल, असं लिहिलं होतं. चार दिवस उरले होते.

व्याज भरलं, पाटल्या वाचल्या. पण मावसभावाची दिवाळी त्या पत्राचे फोटो काढण्यात गेली. प्रत्येक वेळी तेच. ॲप पहिल्या तीन ओळी वाचायचं आणि चौथीच्या, म्हणजे तारखेच्या आधी थांबायचं. लहान पत्रांवर काहीच अडचण नाही. लांब पत्रांवर हमखास.

कारण सापडलं तेव्हा मलाही समजलं, इतकं ते साधं आहे. उत्तर फार लांबू नये आणि खर्च वाढू नये म्हणून पोरांनी उत्तराला मर्यादा घातली होती. ही मर्यादा टोकनमध्ये मोजतात, टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. जुन्या मॉडेलला ती पुरत होती. पण अलीकडची बरीच मॉडेल्स उत्तर देण्याआधी मनातल्या मनात 'विचार' करतात, आणि तो विचारही त्याच मर्यादेत मोजला जाऊ शकतो. पत्र जितकं लांब आणि किचकट, तितका विचार जास्त आणि उत्तराला उरलेली जागा कमी. जागा संपली की वाक्य तिथेच तुटतं. तीन तासांच्या पेपरात रफ वर्कमध्येच अडीच तास गेल्यासारखं. आणि चार ओळींपैकी एक आलीच नाही तर काय करायचं, हे कोडमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. जेवढं आलं तेवढं ॲपनं गोड आवाजात वाचलं आणि ते थांबलं.

४०४चा राग मला त्या दिवशी आला होता. आता वाटतं, ४०४ प्रामाणिक होता. त्यानं निदान सांगितलं की मला जमत नाहीये.

गुपचूप बदलणारी नावं

मॉडेलची नावं दोन प्रकारची असतात, हे मला आधी माहीत नव्हतं. काहींत तारीख किंवा आवृत्तीचा क्रमांक असतो. 'जीपीटी-४-०६१३' यातलं ०६१३ म्हणजे १३ जून. हे नाव लिहिलं की तेच मॉडेल मिळतं, आणि ते बंद झालं की ॲप धाडकन पडतं. दुसरी नावं मोघम असतात, मागे 'लेटेस्ट' लावलेली किंवा नुसतंच घराणं सांगणारी. ती कधी पडत नाहीत, कारण कंपनी त्या नावामागचं मॉडेल परस्पर बदलते. ऐकायला दुसरा प्रकार सोयीचा वाटतो. मीही मावसभावाला म्हटलं, "मग लेटेस्ट लाव ना, कटकट संपली." त्यानं माझ्याकडे जे बघितलं, ते विसरणार नाही.

त्यानं दाखवलं ते जुलै २०२३मधलं एक संशोधन. स्टॅनफर्ड आणि बर्कली इथल्या तिघा संशोधकांनी जीपीटी-४च्या त्याच वर्षीच्या मार्च आणि जून अशा दोन आवृत्त्यांना तेच प्रश्न विचारले. कोड लिहायला सांगितल्यावर मार्चच्या आवृत्तीची ५२ टक्के उत्तरं जशीच्या तशी चालली. जूनच्या आवृत्तीची फक्त १० टक्के. बातम्या आल्या की मॉडेल ढ झालं. प्रकरण तितकं सरळ नव्हतं. जूनची आवृत्ती कोडच्या मागे-पुढे तीन-तीन अवतरणचिन्हांसारखी खूण घालायला लागली होती. माणसाला वाचायला ती बरी, पण कोड थेट चालवायला घेतला की ती खूणच आडवी येते. खुणा काढून टाकल्या की बराचसा कोड नीट चालत होता. म्हणजे हुशारी गेली नव्हती, सवय बदलली होती. आणि ॲपचं कोड लिहिलेलं असतं जुन्या सवयीवर.

सवय किती बदलू शकते, याचं दुसरं उदाहरण एप्रिल २०२५मधलं. ओपनएआयनं जीपीटी-४ओमध्ये एक सुधारणा केली आणि चॅटजीपीटी कुणाच्याही कसल्याही कल्पनेला वाहवा करत सुटलं. इतकी हांजीहांजी की कंपनीला काही दिवसांतच ती सुधारणा मागे घ्यावी लागली. नाव तेच होतं, फक्त आतला माणूस बदलला होता.

माझं मत विचाराल तर ॲपमध्ये तारखेचं, ठरलेलं नावच लावावं. कधी पडणार हे कॅलेंडरवर लिहिता येतं. गुपचूप कधी बदललं, हे कुणी लिहून ठेवणार?

दिवाळीच्या सुट्टीतली दुरुस्ती

चौघं पोरं फराळाचे डबे घेऊन भाऊबीजेनंतर दोन दिवसांत हॉस्टेलवर परत आली. पुढचा आठवडा त्यांच्या खोलीत मी बराच वेळ काढला, चकल्याही खाल्ल्या.

पहिलं काम, मॉडेलचं नाव कोडमधून बाहेर काढणं. त्यासाठी गुगलच्या फायरबेसमध्ये 'रिमोट कॉन्फिग' नावाची मोफत सोय आहे. नाव तिथे ऑनलाइन ठेवायचं, ॲप उघडलं की ते तिथून नाव विचारून घेतं. म्हणजे पत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता न छापता 'पत्त्यासाठी दारातला फळा बघा' असं छापायचं. स्टोअरवर नवी आवृत्ती चढवायची गरज नाही, मावशीला भजनं डिलीट करायची गरज नाही. एआय वापरणाऱ्या ॲपनं मॉडेलचं नाव असंच बाहेर ठेवावं, असं फायरबेसच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. पोरांनी ती वाचली होती. 'नंतर करू' म्हणून सोडली होती. एक बारकावा असा की एरवी ॲप हे नाव दर वेळी विचारत नाही. एकदा घेतलं की साधारण १२ तास तेच वापरतं. म्हणून जुनं मॉडेल बंद होण्याच्या आदल्या रात्री जागून फळा बदलायचा, हा आपला सबमिशनचा पॅटर्न इथे चालत नाही. आणि इंटरनेट रडत असेल तेव्हा वापरायला एक नाव ॲपमध्येही ठेवावं लागतं.

पण सोनेतारणाच्या पत्रानं शिकवलं होतं की नुसतं नाव बदलून भागत नाही. नव्या मॉडेलला निरोपही वेगळ्या शब्दांत लागतो, टोकनची मर्यादाही वेगळी. म्हणून आता नाव, निरोप आणि मर्यादा अशी तिन्हींची मोट बांधून एकत्रच बदलतात. शिवाय कुणाच्या फोनमध्ये ॲपची कुठली आवृत्ती आहे त्याप्रमाणे वेगळा संच देता येतो, आणि आधी फक्त दहा टक्के फोनना नवं देऊन बघता येतं. रिमोट कॉन्फिगमध्ये हे दोन्ही जमतं. एक गोष्ट मात्र तिथे ठेवायची नाही, ती म्हणजे कंपनीनं दिलेली गुप्त चावी, एपीआय की. ती ॲपच्या कोडमध्येही नको, कुणीही उकरून काढू शकतो. आमच्या पोरांची होती, आणि त्यावरून एका सीनिअरनं त्यांची जी काढली ती मी इथे छापू शकत नाही. त्याचं म्हणणं, ॲप आणि कंपनी यांच्यामध्ये स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवा. चावी तिथे राहील, नावही तिथेच बदलता येईल. म्हणणं पटण्यासारखं आहे. पण सर्व्हरचं महिन्याचं भाडं कोण भरणार, यावर चर्चा अडली ती अजून अडलेलीच आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला चाळीस फोटोंवर. बचत गटातल्या बायकांकडून परवानगीनं जुनी पत्रं गोळा केली, नावं-नंबर पट्टीनं झाकले आणि फोटो काढले. विजेचं बिल, बँकेची नोटीस, विमा, शाळेचं पत्र, चुरगळलेलं पत्र, चहा सांडलेलं पत्र, आणि अर्थातच ते सोनेतारणाचं. प्रत्येकाचं बरोबर उत्तर वहीत हातानं लिहिलं. आता कुठलंही नवं मॉडेल आलं की आधी या चाळीस पत्रांची परीक्षा. पहिल्याच फेरीत मजा आली. एका मॉडेलनं शाळेच्या पत्रातलं ०५/११ हे ११ मे असं वाचलं, अमेरिकी पद्धतीनं. मग निरोपात भर पडली, की ही भारतातली पत्रं आहेत, आधी दिवस मग महिना. दुसरं मॉडेल तारखा अचूक सांगत होतं, पण मावशीला सरळ 'तू' म्हणत होतं. "तू चार हजार दोनशे रुपये भर." ते ऐकून मावशी फोनवर म्हणाली, "सावकारासारखा बोलतोय की!" तेही निरोपात गेलं.

शेवटची दुरुस्ती माझ्या वाट्याला आली, कारण ती कोडची नव्हती, मराठीची होती. चारांतली एकही ओळ आली नाही, तर ॲप आता आणखी एकदा प्रयत्न करतं. तरी नाही जमलं तर म्हणतं, "या पत्रातली शेवटची तारीख मला वाचता आली नाही. तारीख असू शकते. आजच कुणालातरी पत्र दाखवा." आणि मॉडेलच सापडलं नाही तर, "आत्ता माझ्याकडून पत्र वाचलं जात नाही. उद्या पुन्हा बघा, पण पत्र घाईचं वाटलं तर थांबू नका." माझ्या पहिल्या खर्ड्यात 'तांत्रिक अडचणीमुळे क्षमस्व' होतं. मावशी म्हणाली, ते रेल्वे स्टेशनवर म्हणतात.

मॉडेल फोनमध्येच ठेवलं तर?

हा प्रश्न मी विचारलाच. मॉडेल फोनमध्ये असेल तर कंपनी ते बंद कसं करणार? तशी सोय आलीही आहे. अँड्रॉइडच्या निवडक फोनमध्ये 'जेमिनी नॅनो' असतं आणि ॲपलनं २०२५मध्ये आयफोनमधलं सुमारे तीन अब्ज पॅरामीटरचं मॉडेल डेव्हलपर्सना खुलं केलं. इंटरनेट नको, पत्र फोनबाहेर जात नाही. पण ही मॉडेल्सही फोनच्या सिस्टिमबरोबर अपडेट होतात. ॲपलच्या मॉडेलला आपल्या कामासाठी वेगळं वळण लावून घेतलं असेल, तर ते वळण त्या एकाच आवृत्तीला चालतं. मॉडेलची आवृत्ती बदलली की पुन्हा लावा. म्हणजे प्रश्न सुटत नाही, जागा बदलतो. आणि मावशीच्या ३२ जीबीच्या फोनमध्ये यातलं काहीच मावत नाही, त्यामुळे आमच्यापुरती चर्चा तिथेच संपली.

कालनिर्णयवरची तारीख

परवा प्रोजेक्टची व्हायवा झाली. एक्स्टर्नलनी विचारलं, कुठलं मॉडेल वापरलंत, का वापरलंत, अचूकता किती. पोरांनी चाळीस फोटोंची वही दाखवली, सर खूश झाले. ते मॉडेल गेल्यावर काय, हे कुणी विचारलं नाही. पोरांनीही स्वतःहून सांगितलं नाही. कारण त्याचं अर्धंच उत्तर त्यांच्याकडे आहे. जूनमध्ये चौघं चार गावांना जातील. एक बेंगळुरूला, एक हैदराबादला, एक एमटेकला, आणि मावसभावाच्या हातात अजून ऑफर नाही. प्रोजेक्टच्या जीमेलचा पासवर्ड आता चौघांकडे आहे. पण तो उघडून बघणार कोण, यावर ग्रुपवर सगळ्यांनी फक्त अंगठे दाखवलेत.

आत्ताचं मॉडेल कधी बंद होणार, ती तारीख कंपनीनं जाहीर केलेली आहे. मावसभावानं ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली, आणि मागच्या रविवारी घरी गेला तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरही त्या महिन्याच्या दोन आठवडे अलीकडे लाल पेनानं गोल केला. मावशीनं विचारलं, हे कशाचं? तो म्हणाला, "त्या दिवशी मला फोन कर आणि ॲपचं विचार. झोपलेलो असलो तरी उठव."

त्या लाल गोलाच्या बाजूला मावशीनं आता दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केलीये. गोल मात्र अजून दिसतो.